मामंजींनी केलेली जागा

माजलगाव, रविवार, नोव्हेंबर १९९६

धाकट्या जावेने आज पुण्याहून आणलेल्या ओव्हनमध्ये पाव केला. आत चीज आणि अननस. एकमेकांना चिकटलेले गोळे, ज्याने त्याने ओढून घ्यायचे. आपल्या घरात पुरुष आधी जेवतात. हिने ताट मधोमध ठेवलं. "गार झाला की चिवट होतो, मामंजी. सगळे एकदमच बसा."

"बायाबी आमच्यासंगं?"

"मग! एकट्याने खायचा नसतोच तो."

मामंजी हसले. सरकून त्यांनी जागा केली. बारा वर्षांत पहिल्यांदा मी ह्यांच्या शेजारी बसून खाल्लं. पाव चांगला झाला होता, ते सोसेन. पण ती सरकून केलेली जागा? ती तिने मागितली आणि मिळाली. मला कधी सुचलं नाही? सुचलं होतं. मी भ्याले. ती भ्याली नाही, याचाच राग येतो.