पस्तीसची लेन्स, आईंच्या जागेवरून

अहो अनूचे बाबा,

लेन्स घेतली. पस्तीस मिलिमीटरची घेतली, पन्नासची नाही. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर ढकलून आधी "का?" विचारलं असतं. त्याचं उत्तर आता कुणाला सांगू? अनू कंपनीतून दमून येते, आणि तुमच्या आईंना पस्तीस काय नि पन्नास काय, सारखंच. म्हणून आज पूजा आटोपल्यावर तुम्हालाच लिहायला बसले.

किती वर्षं निवडत होतात हो ती लेन्स? सकाळच्या चहाला पस्तीस ठरायची आणि दुसरा कप होईस्तोवर पन्नास. मी कधी नको म्हटलं? उलट त्यासाठी बाजूला काढलेले पैसे तुम्हाला दाखवलेही होते. "थांब, अजून जरा वाचतो," म्हणालात. वाचतच राहिलात.

त्या नादात मला मात्र बरंच शिकवून गेलात. मॅट्रिक झालेल्या बाईला यातलं काय कळणार, असं तुम्हाला कधी वाटलं नाही. एकदा मी मोठी पोळी लाटून वाटीने पुऱ्या पाडत होते. तुम्ही वाटी पोळीच्या मधोमध धरलीत. "हा आपला कॅमेरा. महागड्या कॅमेऱ्याला सगळी पोळी दिसते, आपल्याला वाटीपुरती. म्हणून आपल्याकडे पन्नासची लेन्स पंच्याहत्तरसारखी वागते. सगळं जवळ येतं, पण कडा जातात."

मी म्हटलं, "माझ्या कडा गोळा करून परत लाटता येतात. तुमच्या फोटोच्या कडांचं काय?"

तुम्ही कच्ची पुरी तोंडात टाकून निघून गेलात.

आणि तो लेन्सच्या तोंडाचा आकडा! एक पूर्णांक आठ म्हणजे तोंड मोठं, पाच पूर्णांक सहा म्हणजे लहान. आकडा कमी तर उजेड जास्त. आयुष्यभर जमाखर्च लिहिला, पण असा उलटा कारभार पाहिला नव्हता. हा देवाघरचा हिशेब असणार, असं म्हणून मी तो मान्य करून टाकला.

अनूला वाटायचं, बाबांना लोहगडाचे फोटो काढायला लेन्स हवी आहे. आईंचं खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांचं डोंगरावरच्या वाघजाईला जाणं थांबलं, हे तिला माहीत होतं. पण त्या कपारीत वीज नाही, दोन समयांच्या उजेडात देवी बसलेली, गुरव फ्लॅश मारू देत नाही, आणि म्हणून तुमचा सगळा जीव त्या मोठ्या तोंडाच्या लेन्सवर होता, हे तुम्ही तिला कधी सांगितलंच नाहीत. मलाही एकदाच म्हणालात, "आईला देवी घरी आणून दाखवतो."

डोलीतून न्यायचं म्हटलं तेव्हा आई काय म्हणाल्या होत्या, आठवतं? "मी न्हाई कुनाच्या खांद्यावर देवीच्या दारात जायाची. खांद्यावर जायाचं ते एकदाच." तुम्ही हसलात. मला नव्हतं हसू आलं. त्यांच्या आधी तुम्हीच गेलात.

तुमचं वर्षश्राद्ध झालं आणि आईंचं खाणं कमी झालं. अर्धी भाकरी, तीही दुधात कुस्करून. एका दुपारी भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "देवी रुसली माझ्यावर. मी जाईना म्हून ती बी सपनात येईना." मी विषय बदलला, पण त्या पुन्हा तिथेच यायच्या. ताट तसंच राहायचं. डॉक्टर म्हणाले, दुखणं काही नाही, वय आहे. मला भीती वाटायला लागली. तुम्ही बोललेलं तसंच राहून आई गेल्या तर मी देवापुढे कोणत्या तोंडाने बसू?

अनू मोबाईल घेऊन वर जाऊन आली. फोटोत समई म्हणजे पांढरा गोळा, आणि मुखवटा असा गुळगुळीत की विचारू नका. आईंनी फोन लांब धरला, जवळ धरला. "ही कुनाची देवी आनलीस गं? तोंडाला काय फासलंय हिनं?"

"आजी, आपलीच आहे ती."

"न्हाई. आपली अशी सिनेमावाली न्हाई."

तेव्हा मी तुमचा कॅमेरा काढला. तुम्ही ठेवलात तसाच तो स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात होता. औषधांच्या बाटल्यांतल्या त्या ओल शोषणाऱ्या पुड्या मी साठवत होते ना, त्या त्यात टाकून ठेवल्या होत्या. आपल्याकडच्या ओल्या हवेत पापडाला बुरशी येते, काचेला का सोडेल? जुनी झूमची लेन्स अजून नीट आहे.

नवी कोणती घ्यायची ते ठरवायला ती घेऊन मी आणि अनू वर गेलो. तुम्ही सांगायचात तसं झूमचं कडं पन्नासवर आणून वर चिकटपट्टी लावली, म्हणजे हलायला नको. उंबऱ्यावर उभं राहून देवीचं मुख काढलं. झूमचं तोंड लहान, म्हणून अंधारात हललेलं आलं, पण मुखवटा ओळखू येत होता. अनू म्हणाली, "बघ, पन्नासच बरी. मोठ्या तोंडाची घेतली की मागचं सगळं लोण्यासारखं मऊ, धूसर होईल."

आईंनी तो फोटो बराच वेळ पाहिला. मला वाटलं जमलं.

"हे गुरवाला दिसतं," त्या म्हणाल्या. "मी कवा उंबऱ्यावर हुबी राह्यले? माझी जागा ठाव हाय का न्हाई तुला?"

ठाऊक होती. उजव्या हाताला कातळाला पाठ लावून त्या बसायच्या, आणि आरती होईपर्यंत हलायच्या नाहीत. पण मी दर्शन म्हणजे देवीचं तोंड एवढंच धरून बसले होते. तुम्हीसुद्धा तसंच धरलं होतं का हो? म्हणून ठरत नव्हतं?

परत डोंगर चढलो. मी आईंच्या जागी मांडी घालून बसले. पाठ कातळाला टेकली, मागे बोटभरही सरकायला जागा नाही. पन्नासवर देवीचा चेहरा आणि एक समई एवढंच मावलं. पट्टी काढून कडं पस्तीसवर आणलं, आणि त्या जागेवरून जे दिसतं ते सगळं आत आलं. दोन्ही समया, घंटा, झिजलेली पायरी, ओटीचे खण, वर धुराने काळी झालेली कपार. अंधुक, हललेलं, पण सगळं. तुमची वाटी तेव्हा मला नीट कळली. आईंना कडाच हव्या होत्या.

दुकानदार म्हणाला, "ताई, सगळे पन्नासच नेतात. हलकी आहे, स्वस्त आहे."

मी म्हटलं, "सगळ्यांच्या सासवा माझ्या सासूच्या जागेवर बसत नाहीत." अनू दुसरीकडे बघायला लागली. लेन्स वापरलेली होती, म्हणून टॉर्च लावून आत बुरशी आहे का ते बघून घेतलं. स्वच्छ निघाली.

पौर्णिमेच्या आरतीला वर गेलो. आधी लेन्सचं तोंड पूर्ण उघडून फोटो काढला, तर एक समई लख्ख आणि देवी धूसर. म्हणून जरासं मिटून घेतलं, कोपर गुडघ्यावर रोवलं, श्वास धरला आणि नाव घेतलं. देवीचं घेतलं, आणि तुमचंही. एरवी मी तुमचं नाव घेत नाही, पण तिथे घंटेच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार होतं?

मोठा फोटो छापून आणला आणि पलंगासमोर खुर्चीवर ठेवला. आईंची पायरीवरून घंटेकडे, घंटेवरून देवीकडे नजर जात राहिली. मग म्हणाल्या, "सुमन, पायमोजं काढ माझं."

मी काढले. पाय जमिनीला टेकवून, माझा हात धरून त्या ताठ बसल्या आणि त्यांनी हात जोडले. अनू दारात होती, तिनेही चपला बाहेर काढल्या.

त्या दिवशी आई एक भाकरी जेवल्या. हात धुताना म्हणाल्या, "हिरवं लुगडं नेसलीय देवी. फुडच्या पुनवेला कंचं नेसवत्याल?"

अहो, मला वाटलं होतं, एक फोटो झाला की तुमचं राहिलेलं काम संपलं. पण देवळात कुणी एकदाच जातं का? तेव्हा आज तुम्हाला शब्द देते. माझे गुडघे चालताहेत तोवर दर पौर्णिमेला मी वर जाईन, आईंच्या जागी बसेन, आणि त्या दिवशीची देवी त्या दिवशीच आईंसमोर आणून ठेवीन. पावसात वाट निसरडी झाली तर अनूचा हात धरीन. तुम्ही काळजी करू नका.

तुमची,
सुमन