तंबूतला दुसरा माणूस

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? भावोजींचा खोकला गेला असेल असं धरून चालतो. बाबा गोळ्या वेळेवर घेतात का, हे विचारत नाही, कारण तुझ्या घरात राहून कुणी गोळी चुकवू शकेल असं मला वाटत नाही. इकडे सगळी मंडळी ठीक आहेत. माझं मात्र चित्त थाऱ्यावर नाही. पत्र लिहायला बसल्यापासून मी खिडकी लावली, उघडली, पुन्हा लावली आणि स्वच्छ असलेला चष्मा पुसला. (चष्म्याच्या दुकानात आयुष्य गेलं की हातांना दुसरं काही सुचत नाही.) तेव्हा आडवळणं न घेता मुद्द्यावर येतो.

माझ्या सासऱ्यांना तू ओळखतेसच. लिफ्ट तपासण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर तपासायला लिफ्ट उरल्या नाहीत, म्हणून आमच्या बिजागऱ्या, आमचे नळ आणि अधूनमधून मी. मागच्या रविवारी ते आले, चहा उभ्यानेच प्यायले आणि म्हणाले, "कडाक्याच्या थंडीत डोंगरावर मुक्काम करायचाय. दोघांपुरता तंबू घ्यायचाय. चला, जावईबापू." दोघं म्हणजे ते आणि मी, हे मला विचारावंसंही वाटलं नाही. आता मी काय माणूस आहे ते तुला माहीत आहे. ऐन उन्हाळ्यात पंखा लावला तरी मी स्वेटर शोधतो. पण सासऱ्यांना नाही म्हणायला जी छाती लागते ती आपल्या घरात सगळी तुझ्या वाट्याला आली. तुझी भावजय म्हणाली, "जाऊन या हो, नाहीतर ते आता फ्रीज उघडून बसतील."

तंबूंच्या दुकानातल्या बाई फार सोशिक होत्या. पहिला तंबू ऐसपैस होता, पण अर्ध्या भिंती जाळीच्या. सासरेबुवा म्हणाले की यात डास येणार नाहीत, पण वारा बिऱ्हाडासकट येईल. दुसरा जाड कापडाचा, हवेला कुठूनही वाट नसलेला. त्यात आम्ही चेन लावून आडवे झालो. (दोघांचा तंबू म्हणजे काय, तर कंपासपेटीत दोन पेन्सिली राहतात तशी दोन माणसं राहतात. कूस बदलायची तर आधी ठराव करावा लागतो.) थोड्या वेळाने आमच्याच श्वासाचं पाणी छताला धरलं आणि एक थेंब माझ्या नाकावर पडला. बाहेर गिऱ्हाइकं जमली होती. त्यांतल्या एकाने बाईंना विचारलं की ही माणसं तंबूबरोबर येतात का.

मग सासरेबुवांनी अटी सांगायला सुरुवात केली. काठ्या एकमेकींना छेदणाऱ्या हव्यात, म्हणजे वर बर्फ साचला तरी छत खाली येणार नाही. वरच्या बाजूला झरोका हवा. दारं दोन हवीत, म्हणजे उठावं लागलं तर दुसऱ्याच्या अंगावरून जायला नको. हे ऐकून मला भरून आलं. शिवाय ते म्हणाले की उंच माणसाला पाय पसरता आले पाहिजेत. मला आजवर कुणी उंच म्हटलेलं नाही, ताई. मी शक्य तितका ताठ उभा राहिलो.

तंबू पसंत पडला, पण तपासल्याशिवाय ते विश्वास ठेवणारे नव्हेत. ज्या शीतगृहाची मालाची लिफ्ट ते तपासत, तिथला व्यवस्थापक अजून त्यांना बघून सरळ उभा राहतो. त्याने आम्हांला आत सोडलं. फरशीत खुंट्या ठोकता येईनात, म्हणून तंबूचे बंद मटारच्या खोक्यांना बांधले आणि दिवसाढवळ्या आम्ही त्यात झोपलो. हमाल ढकलगाड्या घेऊन शेजारून जात होते. माझी पाठ आधी गार पडली, मग नाहीशी झाली. (तिथे कळलं की थंडी वरून कमी आणि खालून जास्त येते. चटई जाड हवी.) दात आवरून मी विचारलं, "मामा, आपण निघायचं कधी?"

"आपण?" ते म्हणाले. "तुम्ही कुठे येताय? मी आणि व्याही जाणार आहोत."

व्याही म्हणजे आपले बाबा. ज्यांच्या जुन्या इमारतीची लिफ्ट याच गृहस्थांनी धोकादायक ठरवून बंद केली, आणि ज्यांनी चार मजले चढताना प्रत्येक पायरीवर त्यांचा उद्धार केला, ते बाबा. मी उठून बसलो आणि डोकं छताला आपटलं. हळूहळू सगळं कळलं. रक्त तपासायला दोघं एकाच ठिकाणी उपाशीपोटी बसले होते, नंबर लागत नव्हता, आणि भुकेल्या माणसाला जुनं वैर फार वेळ धरवत नाही. तेव्हापासून रोज सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडले की बाबा त्यांना फोन करतात. सासरेबुवा छताकडे बघत म्हणाले, "त्यांना एकदा अशा जागी झोपायचंय जिथे पांघरूण नीट करायला कुणी येणार नाही."

थंडी वाचली म्हणून मला हायसं वाटायला हवं होतं, पण सुटकेइतकाच राग आला. घरी येऊन मी तुझ्या भावजयीला म्हटलं की मला कुणी विचारलं तरी होतं का. ती म्हणाली, "तुम्ही गेला असतात का?" मी खिडकी लावून घेतली.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : हे सगळं लिहिलं ते एवढ्यासाठीच की बाबा लवकरच तुझ्यापाशी विषय काढतील. घाबरत घाबरत काढतील. त्यांना जाऊ दे. डॉक्टरांना मी विचारलंय, ते हो म्हणाले. तू रागावणार नाहीस एवढंच मला पत्राने कळव.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवायच्या आत बाबाच दारात हजर झाले. डोळे तपासायला येतो असं तुला सांगून आलेत म्हणे. दोघांनी आमच्या दिवाणखान्यात तंबू उभारला, डावी बाजू कुणाची यावरून भांडले, आणि मग एकमेकांशी बोलेनासे झाले. आता दोघंही मला वेगवेगळं गाठून विचारतायत की दुसऱ्याऐवजी मी येतो का.

शेवटचं ता. क. : त्यांचं जमलं. मी मध्ये झोपलो तर भांडण होणार नाही असं ठरवून दोघं तिघांचा तंबू बदलून आणायला आत्ताच हसत बाहेर पडले. तेव्हा वरची विनंती रद्द समज. ताई, तू ताबडतोब फोन कर आणि बाबांना सक्त मनाई कर.