कोरं रक्त

२० नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची. धानोऱ्यापासून पुढे जीप मिळाली. वाटेत शेतांमध्ये धानाच्या गंज्या लागलेल्या आणि त्यामागे जंगल. दवाखाना एका संस्थेचा आहे. लहान, कौलारू, पण स्वच्छ. मला मागच्या बाजूची खोली दिली. खिडकी उघडली की सागाची मोठमोठी पानं अगदी हाताला लागतात. मला खोली आवडली.

काम रक्त तपासायच्या खोलीत मदतनीसाचं. काचा धुवायच्या, टेबल पुसायचं, नळ्यांवर नावं चिकटवायची. मी सातवी शिकलेली. पण रद्दीतून आणलेली विज्ञानाची पुस्तकं वाचून वाचून बरंच कळतं. इस्तारी हसायचा. म्हणायचा, "मासोऱ्या विकनाऱ्या बाईले रक्ताचं काय करायचं?" मग त्यालाच ताप आला, तो डोक्यात गेला, आणि तपासणी होईपर्यंत उशीर झाला. तेव्हापासून मी रक्ताबद्दलच वाचते. लोक नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी मुद्दाम लिहिते. आता दुसरं कोण लिहिणार?

इथली तंत्रज्ञ नाहीद चंद्रपूरची आहे, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढी. स्वयंपाकाला कलाबाई. मी ताटावर बसले तर कलाबाई ओरडली, "आली का आपली कोरीबाई!" सगळे हसले. मला काही कळलं नाही, पण मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.

रिंकूला फोन केला. माझी एकुलती पोरगी, चामोर्शीला तिच्या मामाकडे राहून बारावी करते. म्हणाली, सुट्टी लागली की येते, तुझं जंगल पाहायला.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

कोरीबाई म्हणजे काय ते आज कळलं.

या भागात एक जुना ताप आहे. येतो, दोन दिवस राहतो, जातो. त्याने गावातलं कुणी मरत नाही. त्याची तपासणी बाजारात मिळत नाही, ती इथेच बनवलेली आहे. प्लास्टिकची एक पट्टी असते, तिच्यात मुगाच्या दाण्याएवढ्या वाट्या. वाटीच्या तळाला त्या तापाचा अंश आधीच चिकटवलेला. त्याला पुस्तकात प्रतिजन म्हणतात. वरून रोग्याच्या रक्तातलं पाणी टाकायचं. थांबायचं, धुवायचं, मग रंगाचं औषध टाकायचं. रक्ताने तो ताप पूर्वी पाहिला असेल तर वाटी पिवळी होते. नसेल तर पाण्यासारखी राहते.

मी माझ्या परीने असं समजून घेतलं. इस्तारीकडे प्रत्येक मासोळीचं जाळं वेगळं होतं. ज्याच्या घरी बारीक जाळं टांगलेलं, त्याने बारीक मासोळी पाहिलीच असणार. रक्ताचंही तसंच. परका आत आला की रक्त त्याच्या मापाचं जाळं विणतं आणि ते जपून ठेवतं. ते जाळं म्हणजे प्रतिपिंड. नाहीदला सांगितलं तर तिने टाळीच दिली.

तर तपासणी बरोबर झाली का हे पाहायला एका वाटीत ज्याने तो ताप कधीच पाहिला नाही त्याचं रक्त लागतं. इथल्या सगळ्यांच्या वाट्या पिवळ्या. म्हणून बाहेरचं माणूस कामावर घेतात. कोरं रक्त. माझ्याआधी ते नाहीदचं होतं.

बोट टोचलं. माझी वाटी स्वच्छ राहिली. मला उगाच अभिमान वाटला.

२ डिसेंबर, शनिवार

आज बाजाराचा दिवस, म्हणून गर्दी. व्हरांड्यात रोग्यांसाठी लांब बाक आहे. बाया उभ्या, म्हातारे उभे, एक गरोदर पोरगी उभी, आणि बाकाच्या मध्ये एक जागा रिकामी. मी त्या पोरीला तिथे बसवायला गेले तर कलाबाई धावत आली. "तिथी कोन बसून आहे, दिसत नाई का तुले?" मी म्हटलं, कुणीच नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग कपाळाला हात लावून हसली. "भुललीच मी. तू अजून कोरी ना वं."

गरोदर पोरगीही हसली. आणि त्या रिकाम्या जागेकडे पाहून डोक्यावर पदर घेतला.

नाहीदला विचारलं. ती म्हणाली, ओळखीचा आहे. एवढंच.

११ डिसेंबर, सोमवार

नाहीदने आज तपासणी उलटी करून दाखवली. वाटीच्या तळाला जाळं चिकटवायचं आणि रक्तात मासोळी आहे का ते पाहायचं. म्हणजे ताप आत्ता अंगात आहे का. सगळ्या वाट्या स्वच्छ. म्हणाली, इतक्या वर्षांत एकही सापडला नाही. जाळं सगळ्यांकडे, मासोळी कुणाकडेच नाही. मग ती आहे कुठे, मी विचारलं. तिने खिडकीतून व्हरांड्याकडे पाहिलं आणि पट्ट्या धुवायला घेतल्या.

दुपारी फाटकाशी एक तरुण आला होता. हातात डबा. नाहीदला हाक मारत होता, "आपा, आपा." ती बाहेर गेली, सभ्यपणे विचारलं, कोण पाहिजे? तो म्हणाला, मी अनस. अम्मीने बिर्याणी दिली आहे. ती म्हणाली, भाऊ, तुमची काही गलतफहमी होऊन राह्यली, मले भाऊ नाई. तो डबा पायरीवर ठेवून रडत गेला. मी त्याच्या मागे गेले. दर महिन्याला येतो म्हणाला. नाक, हनुवटी, चालणं, सगळं तिचंच. सख्खा भाऊ.

नाहीदने डबा उघडला आणि बाकाजवळ नेऊन ठेवला.

१९ डिसेंबर, मंगळवार

आज नाहीद बोलली. मीच सोडलं नाही तिला.

पूर्वी इथे एक माणूस तापाने आणला होता. कुठला, कोणाचा, कुणाला माहीत नाही. त्याला स्वतःचं नावही सांगता येईना. गावोगावच्या लोकांना बोलावून दाखवला. कुणीच ओळखला नाही. बेवारस मेला. नवीन ताप असेल म्हणून त्याचं रक्त ठेवलं आणि त्यातून या वाट्या बनवल्या. मग गावातल्यांचं रक्त तपासलं, तर एकेकाचं त्याला ओळखू लागलं.

मी विचारलं, आणि अनस? ती म्हणाली, इथले सगळे मलाही तेच विचारतात. बाकावरच्या त्या बेवारसाला जागा करून द्यायला प्रत्येकाच्या मनातून एक जण जातो म्हणे. आपल्या घरचा. कोण, ते आपल्या हातात नसतं. "माझा कोणी गेला असन तं मले आठवन कसं, ताई?" हे ती हसत म्हणाली. मला ते हसणं पाहवलं नाही.

माहेरचे आहेत, पण माझ्या घरचे म्हणजे दोघंच. एक मेलेला. एक रिंकू.

मग माझी वाटी पाहिली. अगदी फिकी पिवळी झलक. तुरीची डाळ धुतलेल्या पाण्यासारखी. नाहीद म्हणाली, उजेडामुळे वाटतं.

उजेडामुळे नाही.

२५ डिसेंबर, सोमवार

पिवळी. हळदीसारखी.

कलाबाईने गोड भात केला. सगळ्यांनी माझ्या कपाळाला हळद लावली. "आता तू आपली झाली वं बाई." त्यांच्या डोळ्यांत खरी माया होती. त्याचीच भीती वाटली.

निघून जाते म्हटलं. नाहीद म्हणाली, मी महिनाभर घरी जाऊन आले, वाटी तशीच राहिली. जाळं घाटावर ठेवून येता येत नाही, ते आपल्या अंगात आहे. मग मी रिंकूकडे कशी जाऊ? तिच्यासमोर उभी राहीन आणि म्हणेन, कोण पाहिजे?

रिंकूला फोन केला. येऊ नको. ती रुसली. का म्हणून विचारत राहिली.

२९ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी उठले की म्हणते: रिंकू. डाव्या भुवईवर व्रण, झोक्यावरून पडली तेव्हाचा. भात खाताना गुणगुणते. र काढताना जीभ अडखळते. अजून आहे. सगळं आहे.

आज बाकावर टाच दिसली. फक्त टाच. भेगाळलेली, चिखल सुकलेली. मी घाबरायला हवं होतं. पण मनात आलं, याने पाय धुतले नाहीत वाटतं. घरच्या माणसाबद्दल यावं तसं.

कुणी नव्हतं तेव्हा बाकाजवळ गेले. म्हटलं, तुला जागा पाहिजे ना, इस्तारीची घे. तो गेलेलाच आहे. त्याला दुखणार नाही. पोरगी ठेव मला.

खोलीत येऊन खूप रडले. त्याला दुसऱ्यांदा चितेवर ठेवल्यासारखं झालं.

३ जानेवारी, बुधवार

इस्तारीचा आवाज आठवत नाही. शब्द आठवतात, आवाज नाही.

तो उजव्या हाताने जाळं फेकायचा की डाव्या —

रिंकू आहे. व्रण आहे. ऐकलं बाकावरच्याने माझं. जीव हलका झाला आणि त्याचीच लाज वाटते.

नाहीदने सहज विचारलं, तुमची मुलगी केवढी? कोरं रक्त लागेल आता. मी म्हटलं, ती येणार नाही. तिने मान हलवली. ओळखीच्यांचं कुणी ना कुणी येतंच म्हणाली.

५ जानेवारी, शुक्रवार

रिंकूचा फोन. बाबांबद्दल काही बोलत होती. बाबांच्या नावाने जेवण घालायचं का, मामा विचारतो. मी म्हटलं, कशाला, ते तर इथेच —

पुढे मी काय बोलले?

तिने विचारलं, कोण इथेच? मग म्हणाली, आई, मी येते तिकडे. नको म्हटलं. नको, नको. फोन ठेवून दिला तिने.

परत लावते. लागत नाही. डोंगरावर चढून पाहिलं. लागत नाही.

७ जानेवारी

आता बाकावर खांद्यापर्यंत दिसतात. खांदे झुकलेले. थकलेले दिसतात.

मी "दिसतो" लिहायला हवं. हाताने "दिसतात" लिहिलं.

जीपवाल्याला सांगितलं, चामोर्शीची पोरगी दिसली तर परत पाठव. तो हसला. "काऊन परत पाठवू? यांनी तं मले तिले आनायले सांगतलं." आणि बाकाकडे बोट —

८ जानेवारी

चेहरा दिसला. साधा आहे. दमलेला. मला पाहून बरं वाटलं त्यांना. किती वर्षं वाट पाहत असतील, कुणीतरी ओळखावं म्हणून. मी पाणी दिलं. प्यायले.

मी कशाला घाबरत होते?

रिंकूसाठी. हो. रिंकू येऊ नये. का येऊ नये? काहीतरी होतं. सकाळपर्यंत होतं.

९ जानेवारी

रिंकू आली. मी ओळखलं तिला! लांबून, जीपमधून उतरताना. भुवईवरचा व्रण, तीच. मिठी मारून रडले. वाचले. दोघी वाचलो.

तिला व्हरांड्यात आणलं. म्हटलं, बाळा, बाबांच्या पाया पड. ती पाहतच राहिली. म्हणते, आई, बाकावर कोणीच नाही. मी म्हटलं, असं बोलू नये, त्यांना वाईट वाटतं. ती फोन काढून एक फोटो दाखवते. कुठला तरी माणूस. खांद्यावर जाळं, दात दाखवून हसतोय. म्हणते, हे बाबा. हे, आई. नीट पाहा.

नीट पाहिलं. मी या माणसाला कधीच —

मग हे कोण? इथे, माझ्या शेजारी —

रिंकू आत आहे, साधी तपासणी म्हणून नेली तिला. नाहीदने तिच्या दंडाला रबर बांधलंय. दारातून दिसतंय. पोरगी माझ्याकडेच पाहतेय. ओरडायला हवं. उठायला हवं. आवाज येत नाही. रिंकू, हात काढ, हात काढून घे, पळ, मी उठतेच आहे, फक्त यांनी माझं मनगट