बुरुलची तबकडी

२८ मार्च २०१९, गुरुवार

सकाळी शेगडीतली राख काढली. गाईला चारा घातला. दुपारी एजेने तेल तापवून पिठाचे गोळे, बोरसोक तळले. एजे म्हणजे माझ्या बायकोची, बुरुलची थोरली बहीण. तळणाचा वास गेलेल्या माणसापर्यंत पोचतो म्हणतात, म्हणून दर गुरुवारी हे असतं. बुरुलला जाऊन आज सव्विसावा दिवस.

एजे म्हणाली, "चाळीस दिवस ती घरातच असते, सादिर. बघत असते."

मी मास्तर माणूस. तीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं आहे.

संध्याकाळी कपाटावरचा सीडी प्लेयर खाली काढला.

३० मार्च

लिहून टाकतो.

प्लेयर दोन वर्षांपूर्वी बंद पडला. आत बुरुलची तबकडी तशीच राहिली. आमच्या नुरझातने कझानला जाण्याआधी जुन्या कॅसेटीवरून आईला करून दिलेली. मी बागेत असलो की बुरुल ती लावून बसायची, कानाला हेडफोन. लग्नाआधी ती कोमूझ हे तीन तारांचं वाद्य वाजवायची, तेच असणार. मी कधी विचारलं नाही.

अंथरुणाला खिळल्यावर रोज म्हणायची, "मास्तर, तेवढं चालू करा ना. घर फार गप्प आहे."

मी म्हणायचो, उद्या. दहा मिनिटांचं काम आहे, उद्या करतो. अख्खा हिवाळा गेला. त्याच हिवाळ्यात शेजारणीची इस्त्री मी दोनदा दुरुस्त करून दिली.

चाळिसाव्याच्या आत हा प्लेयर या घरात वाजला पाहिजे. ती घरात असते असं मी मानत नाही. तरीही.

३१ मार्च

झाकण उघडलं. अक्षरं उजळतात, तबकडी फिरत नाही. मीटर लावला. उणे बाजूचा व्होल्टेज रेग्युलेटर गेला आहे. आत बारा व्होल्ट नीट जातात, बाहेर आठ यायला हवेत, येतो जेमतेम एक. तीन पायांचा, नखाएवढा तुकडा. एवढ्यासाठी.

२ एप्रिल

बाजारात रिफ्कातकडे गेलो. रेडिओ दुरुस्त करतो, माझाच विद्यार्थी.

"या मास्तर. ओहमच्या नियमात तुम्ही मला नापास केलं होतंत, आठवतंय?"

"तुला येत नव्हता."

"अजून येत नाही. पण दुकान चालतंय." मग जुना तुकडा हातात घेऊन म्हणाला, "एवढी खटपट कशाला? तबकडी काढून आणा, माझ्या गाडीत वाजेल."

मी नको म्हणालो. वाजवायचं कबूल केलं होतं ते घरात, गाडीत नव्हे.

त्याने माझ्या वाढलेल्या दाढीकडे पाहिलं आणि थट्टा थांबवली. दोन खोके उलटेपालटे करून नवा रेग्युलेटर काढला. "याच्या पाठीच्या पत्र्यालाच वीज असते. खाली अभ्रक ठेवायला विसरू नका."

"मला शिकवतोस?"

"अशी संधी कधी मिळायची?"

५ एप्रिल

काम जेवणाच्या मेजावरच चालतं. जुना तुकडा सोडवला, पायांची छिद्रं साफ केली, अभ्रकाची चकती बाजूला काढून ठेवली. तेवढ्यात सांत्वनाला माणसं आली. सगळं खिडकीत सरकवलं, मेजावर दस्तरखानाचं कापड अंथरलं, चहा झाला, ब्रेड मोडला, मुल्लाने प्रार्थना म्हटली. ते गेल्यावर नवा रेग्युलेटर डाग देऊन बसवला, स्क्रू आवळला, बटण दाबलं.

फट्. फ्यूज उडाला.

अभ्रक घातलंच नव्हतं. रिफ्कातने सांगितलं होतं. याच चुकीसाठी मी मुलांना वर्गाबाहेर काढत असे.

चौतीस दिवस राखून ठेवलेलं रडू आज आलं. एजे दाराशी येऊन परत गेली.

६ एप्रिल

अभ्रक सापडेना. खिडकीत नाही, मेजाखाली नाही. शेवटी लक्षात आलं — ब्रेडचे कण पायदळी जाऊ नयेत म्हणून एजे दस्तरखान रोज कोंबड्यांपुढे झाडते. अभ्रक त्याच्या घडीत गेलं असणार.

मी कोंबड्यांच्या अंगणात गुडघ्यांवर. एजे बाहेर आली.

"काय हरवलं?"

"नखाएवढं अभ्रक. काचेसारखं दिसतं."

"मला वाटलं कांद्याची साल." तीही खाली बसली. त्र्याहत्तर वर्षांची, एका डोळ्यात मोतीबिंदू. कोंबडीला हाकलत म्हणाली, "सर गं भवाने, तुझं नाही ते." पाऊण तासाने तिलाच सापडलं. झग्याला पुसून माझ्या तळहातावर ठेवलं. हे कशासाठी, असं तिने विचारलं नाही.

१० एप्रिल

नवा फ्यूज. खाली अभ्रक. मीटरवर उणे आठ. तबकडी फिरली! पडद्यावर आकडे धावू लागले.

घरभर माणसं. उद्या चाळिसावा, अंगणात कढई चढते आहे. सुतकाच्या घरात कोमूझ कसं वाजवणार? हेडफोन लावून मी एकट्याने ऐकायचं, तर ते मला नको. ऐकायचं होतं तिने.

आवाज शून्यावर ठेवला आणि आकडे बघत बसलो. एक्केचाळीस मिनिटं. संपलं. थांबलं.

११ एप्रिल

चाळिसावा झाला.

१२ एप्रिल

एजे गावी गेली. निघताना म्हणाली, "घरात आवाज ठेव काहीतरी." दार लावलं. स्पीकर जोडले, आवाज वाढवला.

कोमूझ नाही. एक तरुण माणूस बोलतो आहे. आमचं सरोवर हिवाळ्यात का गोठत नाही ते सांगतो आहे. तिथून ताऱ्यांवर जातो, मग हेडमास्तरांची नक्कल करतो, घोड्यावरून पडल्याची गोष्ट सांगतो. एक्केचाळीस मिनिटं थांबतच नाही. बुरुल फक्त हसते. एकदाच म्हणते, "पुढे?"

लग्नानंतरचा पहिला हिवाळा. नवा टेपरेकॉर्डर आणला होता. तो माणूस मी आहे.

अख्खा हिवाळा मी तिच्या उशाशी बसून होतो. गप्प.

१८ एप्रिल, गुरुवार

पीठ मळलं. जरा सैल झालं. तेल तापवलं. कढईशी उभा राहून सरोवर का गोठत नाही ते पहिल्यापासून सांगितलं, मोठ्याने. मधे थांबलो की पुढचा बोरसोक तेलात सोडायचो.