पिल्लाशेजारी पोहणारा बाप

तीर्थरूप आबा,

उत्तर ध्रुवाजवळच्या बोटीवरून नमस्कार. मी खुशाल आहे, पोटभर जेवते.

समुद्रात तेल सांडलं तर कुठले पक्षी मरतील, याचा नकाशा आम्ही करतोय. कड्यांवरची घरटी रिकामी दिसली, म्हणून आमचे साहेब म्हणतात, “इथून तेलाची जहाजं जाऊ द्या.” आबा, रिकामा कडा म्हणजे रिकामा समुद्र नव्हे! पक्षी पिल्लांना घेऊन खाली पाण्यात उतरलेत. पिल्लाला उडता येत नाही, बापाचीही उडायची पिसं सध्या झडलीत. तरी तो पिल्लाच्या शेजारी पोहत राहतो. तेल आलं तर दोघंही जातील.

उद्याच्या बैठकीत हे मांडायचंय. साताऱ्यात सभा गाजवणारी मी, आज मुद्दे लिहून पुन्हा पुन्हा खोडतेय. “आवाज चढवू नगंस, मुद्दा चढव,” हे तुमचं बोलणं घोकतेय.

कृष्णेत तुम्हीही माझ्या शेजारी असेच पोहायचात. आता जिन्यावर दम लागतो, असं आईने कळवलंय. उद्या मी त्या बापासाठी बोलते; तुम्ही माझ्यासाठी डॉक्टरकडे जा.

तुमची,
क्रांती