नाडी मोजून झाल्यावरही

सिस्टर, तुम्हाला हसू येईल असं एक काम मी गेल्या वर्षापासून करते आहे. आजारी असल्याचं सोंग घेते. आमच्या शेजारची सून इथल्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. पेशंटला तपासायचं कसं, त्याला विचारायचं काय आणि कशा शब्दांत, याचा तिच्या पोरींना सराव लागतो, आणि खऱ्या पेशंटपुढे उभ्या राहिल्या की त्यांची वाचा बसते. म्हणून ती एक दिवस घरी आली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही दवाखान्यात काम केलंय. तुम्हाला आजारी माणसं पाठ असतील. आमच्या पोरींसमोर पेशंट होऊन बसाल का?" आमच्या मालकांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. घरात एकटीनं वाचून वाचून किती वाचायचं? मी म्हटलं, "बसते की. फक्त सुई टोचायची न्हाय."

तर आता मला एक खाट आहे, एक चादर आहे, आणि प्रत्येक वेळी हातात एक कागद मिळतो. आज साखर, आज दमा, आज गुडघे, असं त्यात असतं. मी ते वाचून घ्यायचं आणि तेवढंच बोलायचं. पहिल्या दिवशी एका मुलीनं मला विचारलं, "आजी, आपल्या मलविसर्जनाच्या सवयींबद्दल काही सांगाल का?" मी म्हटलं, "कशाच्या?" ती लाल झाली. पुन्हा तेच, आणखी हळू. खोलीतल्या सगळ्या पोरी चादरीसारख्या पांढऱ्या पडल्या आणि मग एकदम हसल्या, तीही हसली, मीही हसले. दुसरी एक आली ती माझ्याकडे न बघता विचारत सुटली. डोकं दुखतं? चक्कर येते? उलटी होते? छातीत धडधडतं? मला खोडी सुचली. मी प्रत्येकाला "व्हय" म्हणत गेले आणि ती लिहीत गेली. त्या हिशोबानं मी गुदस्ताच मेले असते. शेवटी तिनं मान वर केली, माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, "आजी, तुम्ही माझी चेष्टा करतासा व्हय?" हुशार निघाली.

पण त्या पोरींना हसायचा मला हक्क नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? सातवी झालेली, लग्न होऊन दोनच महिने झालेली मी, शिवाजी पेठेतल्या तुमच्या त्या लहानशा दवाखान्यात आया म्हणून लागले, तो दिवस आठवा. सकाळची वेळ आहे, सगळ्या खाटा भरल्या आहेत, नातेवाईक डबे घेऊन आलेत. तुम्ही मला सांगता, त्या कोपऱ्यातल्या बाईंना रात्री कितीदा जुलाब झाले ते विचारून ये. मी दारातूनच ओरडते, "ओ मावशी, जुलाब कितीदा झालं?" ती बाई भिंतीकडे तोंड फिरवते आणि डबेवाले सगळे तिच्याकडे बघतात. तुम्ही मला मागच्या मोरीत नेता. तुम्ही नेसरीच्या, पण तिकडची माणसं चढवतात तसा आवाज चढवत नाही तुम्ही. हळू बोलता आणि तेच जास्त लागतं. "दवंडी पिटाय ठेवलंय काय गं तुला? उद्या तुला कुणी पेठंत भर चौकात हेच इचारलं तर सांगशील?" मी रडते. तुम्ही रडू देता. मग म्हणता, "झालं? आता तोंड धू, आणि स्टूल घेऊन जा. तिच्याजवळ बस. उभं राहून इचारलं की माणूस उत्तर देऊन मोकळं होतंय, खरं सांगत न्हाय."

त्याच आठवड्यात तुम्ही मला तुमचं जुनं मराठी पुस्तक दिलंत, पुठ्ठा गेलेलं, रुग्णसेवेचं. म्हणालात, "वाच. न कळलं तर मला इचार. कळलं तर पेशंटला इचार." बोट ठेवून वाचायला लागले. नाडी, ताप, श्वास, जीभ, डोळे. माझं वाचन त्या पुस्तकापासून सुरू झालं, आणि पुढं वाचनालयातली कपाटंच्या कपाटं झाली. मालक मला न्यायला यायचे आणि दवाखान्याच्या फाटकाशी सायकल टेकवून उभे राहायचे. तुम्ही खिडकीतून बघून म्हणायचात, "जा गं, आलं बघ तुझं सायकलवालं पावणं." मी हातातलं पान संपवूनच जायची आणि ते बिचारे उभे.

कॉलेजातल्या पोरींना मी तुमच्या पैलवानाची गोष्ट सांगते. तालमीतला तो दांडगा गडी पोट धरून आला, आणि त्याच्याबरोबर आख्खी तालीम आली. तुम्ही त्याला विचारायचात आणि उत्तर वस्ताद द्यायचे. "काल काय खाल्लं?" "रोजचंच की." "दुखतंय कुठं?" "दुखत न्हाय हो, जरा वारं धरलंय." पैलवान नुसता वर बघत पडलेला. तुम्ही सगळ्यांना चहा प्यायला पिटाळलंत, स्टूल ओढलंत, त्याचं मनगट धरलंत. नाडी मोजून झाली. मला वाटलं आता उठाल. तुम्ही उठलाच नाहीत. मनगट तसंच धरून खिडकीबाहेर बघत बसलात. थोड्या वेळानं तो डोंगर बोलला. "सिस्टर, मूळव्याध हाय. लई दिस झालं, रगात जातंय. वस्तादास्नी सांगू नका. आतड्याला सूज हाय म्हणा." तुम्ही बाहेर आलात आणि तोंड न हलवता म्हणालात, "आतड्याला सूज हाय. तिखट बंद." तालीम हादरली. एकजण कळवळून म्हणाला, "तिखट बंद? मग जेवायचं कशानं?" तुम्ही नंतर मला सांगितलंत, "नाडी मोजून झाली म्हणून हात सोडायचा न्हाय. मोजणी हाय तवर माणूस दमानं पडतंय. मोजून झाल्यावर त्येला वाटतंय, सुटलो. तवाच बोलतंय."

आता खरी गोष्ट. गेल्या महिन्यात त्या पोरींची परीक्षा होती. मला पोटदुखी मिळाली होती, उजव्या बाजूची, कळा येणारी. परीक्षा घेणाऱ्या मॅडम कोपऱ्यात मार्कांचा कागद घेऊन बसल्या होत्या. दोन-तीन जणी येऊन गेल्या, मी छान कण्हले. मग एक चंदगडची पोरगी आली. किरकोळ, आवाज इतका बारीक की मॅडमनी दोनदा सांगितलं, जोरात बोल. ती बसली, माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "आज्जी, काय हुतंय?" मी म्हणायला हवं होतं पोटात दुखतंय. तोंडातून गेलं, "काय न्हाय." घरी लेकाला फोनवर रोज तेच सांगते ना, तीच सवय. ती घाबरली नाही. नाडी मोजत राहिली. मिनिट झालं. बोटं जरा सरकवली आणि पुन्हा सुरुवातीपासून मोजायला लागली. मग खाली वाकून अगदी कानाशी म्हणाली, "आज्जी, हे तुमच्या कागदात हाय?"

"काय गं?"

"ठोकं सारखं न्हाईत. मधीच थांबत्यात, मधीच पळत्यात."

सिस्टर, सोंग सगळ्याचं घेता येतं, नाडीचं येत नाही. मी म्हटलं, "माझ्या कागदात पोटदुखी हाय. तू पोटाचं इचार."

तिनं एकदा मॅडमकडे बघितलं. "आज्जी, परीक्षेतलं इचारू का खरं इचारू?"

"परीक्षेतलं इचार बाई. मार्क जातील तुझं."

"जाऊंद्यात," ती म्हणाली, आणि पेन बाजूला ठेवलं. "चक्कर येती?" मी गप्प. ती पण गप्प. आणि सिस्टर, तिनं हात सोडला नाही. तिला कुणी शिकवलं असेल की तिचं तिलाच कळलं असेल, देव जाणे. मी तुमच्या सगळ्या युक्त्या ओळखून होते, आणि तरी त्या माझ्यावर चालल्या. मी सांगितलं. दिवाळीपासून होतंय. गॅसपुढं उभी असते आणि एकदम छातीत कोंबडं फडफडल्यासारखं होतं, डोळ्यापुढं अंधारी येते. एकदा मंडईत भाजीवाल्या मावशीच्या पोत्यावरच बसले, तिला म्हटलं, चप्पल चावतीया. घरी येऊन मी स्वतःचं मनगट धरलं होतं. ठोका चुकलेला लागला आणि मी हात सोडून दिला. मला कळलं नव्हतं असं नाही. पण लेक पुण्याला असतो. त्याला कळलं की तो दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात, आणि मला उचलून अकराव्या मजल्यावर नेऊन ठेवणार. लेक चांगला आहे, सून चांगली आहे, तिथं खिडकीतून आभाळ चांगलं दिसतं. पण माझी गल्ली, माझं वाचनालय, मालकांची उठबस ज्या घरात झाली ते घर, यातलं काही त्या लिफ्टमधून वर जाणार नाही. म्हणून गप्प होते. एवढं सगळं त्या पोरीला सांगितलं आणि म्हटलं, "आता पोटाचं इचार." ती उठून मोठ्यानं, खरंच मोठ्यानं म्हणाली, "मॅडम, हे सोंग न्हाय."

मॅडमनी स्वतः नाडी धरली आणि परीक्षा थांबवली. तासाभरात मी शेजारच्या इस्पितळात खऱ्या खाटेवर. छातीला तारा लावून पट्टी काढली, तीत रेघा कशाही नाचत होत्या. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा ताल बिघडलाय, रक्ताची गुठळी होऊन झटका यायच्या आत आलात हे बरं झालं. ताल सांभाळायची एक गोळी, रक्त पातळ ठेवायची एक, आणि ठरल्या वेळी तपासणी. मी विचारलं, "हे इथं राहून होईल का, पुण्यालाच जावं लागेल?" डॉक्टर हसले. "कोल्हापुरात पण गोळ्या लागू पडतात, मावशी."

लेक रात्रीत निघून सकाळी हजर झाला. पहिल्यांदा रडला, मग रागावला. "आई, फोनवर मी इचारतो ते काय मजा म्हणून?" त्याचं खरं होतं. मी त्याला तेवढंच सांगितलं, की तू विचारतोस ते उभ्याउभ्या विचारतोस. तो खुर्ची ओढून बसला. मग आम्ही बोललो, पुष्कळ बोललो, आणि असं ठरलं की मी इथंच राहायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत, शेजारच्या सुनेकडे किल्ली ठेवायची, आणि फोनवर "काय न्हाय" हे उत्तर चालणार नाही. आता तो रोज रात्री बसून फोन करतो. खुर्ची सरकल्याचा आवाज मला मुद्दाम ऐकवतो, लबाड.

चंदगडच्या पोरीचं काय झालं ते सांगते. पोटदुखीचं तिनं एकही अक्षर विचारलं नव्हतं, त्यामुळं मार्क द्यायचे कशाचे, असा मॅडमना पेच पडला. दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा पुन्हा घेतली. मी नाही म्हणून कॉलेजचा वॉचमन पेशंट झाला. तो इतका विव्हळला म्हणे, की खालच्या वर्गातले शिक्षक धावत आले. पोरगी चांगल्या मार्कांनी पास झाली. तिचा आवाज अजून बारीकच आहे.

हे सगळं तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना म्हणून लिहिलं. तुम्ही गेलात तिथला पत्ता पोस्टाला ठाऊक नाही, आणि लेकाला वाचायला द्यायचं नाही, कारण एक गोष्ट त्यालाही सांगितलेली नाही. इस्पितळात माझी खरी माहिती मॅडमनी त्या पोरीलाच लिहून घ्यायला लावली. ती बसली, आणि एकेक विचारत गेली. झोप, जेवण, लघवी, जुनी दुखणी. मी सगळ्याची खरी उत्तरं दिली, काहीही लपवलं नाही, तुम्ही खूश झाला असतात. शेवटी तिनं विचारलं, "घरी कोण कोण असतंय, आज्जी?" मी म्हटलं, "आम्ही दोघं." तिचं पेन जरासं थांबलं. मघाशी मीच तिला मालक गेल्याचं सांगितलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं. मी ते खोडायला सांगितलं नाही, सिस्टर.