तळकोठडीचे दार बंद न करण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी साहेब,
पर्यटन स्थळे विभाग,
बंदर चौक.

विषय: समुद्रकिल्ल्यातील तळकोठडीचे दार पर्यटक आत असताना बंद करण्याचा हुकूम मागे घेणे व उद्याचा 'भरती विशेष' रद्द करणे.

संदर्भ: १) 'फट न ठेवणे' याविषयी आपला हुकूम. २) माझे तीन अर्ज, ज्यांना लेखी उत्तर नाही. ३) आपले परवाचे पत्र, ज्यात माझे अभिनंदन आहे.

महोदय,

खाली सही करणारा मी तळकोठडीचा दारवान. माझ्या आधी वडील दारवान होते. शाळा चौथीपर्यंत झाली, बाकीचे वाचन किल्ल्यातल्या माहितीच्या पाट्यांवर. त्यामुळे भाषा कुठे पाटीसारखी, कुठे तोंडात येईल तशी होईल, चालवून घ्यावी.

१. आपल्या गावात बघायला पुष्कळ आहे. दीपगृह, तोफांचा बुरूज, जुने जकातघर, शंखांचे संग्रहालय. पण रांग लागते ती तळकोठडीला. एकोणीस पायऱ्या उतरून समुद्राच्या पातळीवरची खोली. पर्यटक आत जातात, दिवा मालवला जातो, दहा मिनिटे कैद्यासारखे राहायचे. समुद्राकडच्या भिंतीत विटेएवढी मोरी आहे, तिच्यातून लाटांचा आवाज येतो. आत माहिती सांगायला माझी थोरली मुलगी असते.

२. दार जाड लाकडाचे, आत उघडणारे. मोठ्या भरतीला मोरीतून पाणी येते, लाकूड खालून फुगते आणि दार चौकटीत आवळून बसते. म्हणून माझे वडील तीस वर्षे उंबऱ्यावर बसले, एक पाय आत, एक बाहेर, दार मांडीला टेकलेले. मीही तसाच बसायचो. लोक म्हणायचे, "काका, पाय अडकला काय?" म्हणू देत. गेल्या महिन्यात आपला हुकूम आला की पायाच्या फटीतून उजेड येऊन 'अनुभवाची परिणामकारकता' कमी होते, तरी दारवानाने पाय काढावा. मी काढला. ही चूक माझी आहे, ती मी कोणावर ढकलत नाही.

३. मागच्या अमावास्येची दुपार. आत अकरा पर्यटक, माझी मुलगी बारावी. आता हे नीट वाचावे. शेवटची दोन मिनिटे राहिली की मुलीने सांगायचे असते, "कैदी ओरडायचे तसे ओरडा, दार बडवा." हे आपल्याच कार्यक्रमपत्रिकेत आहे. रोज ओरडतात, रोज बडवतात. त्यामुळे दार वाजले तेव्हा मी घड्याळाकडे बघत बसलो होतो. आतून "पाणी! पाणी आलंय!" ऐकू आले, तर रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "काय छान करतात ना!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मुलीने "बाबा!" अशी हाक मारली. कामावर ती मला बाबा म्हणत नाही. मी ताडकन उठलो. तेवढ्यात आतले सगळेच "बाबा! बाबा!" ओरडू लागले, त्यांना वाटले हाही खेळातलाच भाग. साहेब, अकरा परकी माणसे मला बाबा म्हणत होती आणि त्यात माझ्या लेकीचा आवाज कोणता ते मला कळेना.

४. कडी काढली, दार हलले नाही. खांदा लावला. रांगेतल्यांना म्हटले हात लावा, ते फोटो काढू लागले. शेवटी वरचा चहावाला पहार घेऊन आला, त्याने आईबापावरून शिव्या घातल्या तेव्हा दोघे पुढे झाले. दहा मिनिटांच्या कार्यक्रमाला सत्तावीस मिनिटे लागली. पाणी मोठ्यांच्या मांडीपर्यंत होते. एक पाच-सहा वर्षांची पोर होती, तिला माझ्या मुलीने खांद्यावर घेतले होते आणि ती तिला कैद्यांची गोष्ट सांगत होती, न थांबता. लोक भिजून बाहेर आले ते हसत. एकाने माझ्या पाठीवर थाप मारली, "मानलं काका, हे रोज असतं का?" मुलगी हसत वर गेली, बुरुजामागे जाऊन ओकली, आणि केस विंचरून पुढच्या तुकडीसाठी परत आली.

५. पहिल्या अर्जावर आपले कारकून म्हणाले, आतल्या कोणाचीही तक्रार नाही. नसणारच, ते बाहेर आले. जे बाहेर येणार नाहीत त्यांची तक्रार कोणत्या खिडकीवर घेतात ते कळवावे. दुसऱ्या अर्जात दार तासून मागितले. दार पुरातन आहे, रंधा चालत नाही. तिसऱ्यात मोरी बुजवायला सांगितली. मोरीही पुरातन. माणसे तेवढी पुरातन नाहीत, हाच त्यांचा गुन्हा.

६. आणि परवाचे पत्र. अभिप्रायाच्या वहीत त्या तुकडीने 'आयुष्यातला सर्वांत जिवंत अनुभव' असे लिहिले, म्हणून उद्या, वर्षातल्या सर्वांत मोठ्या भरतीला, तीस पर्यटक, पंचवीस मिनिटे, दार पूर्ण बंद. खरी अडचण आल्यास मुलीने शिट्टी वाजवावी. त्याच पत्राच्या दुसऱ्या पानावर प्रत्येक पर्यटकाला आठवण म्हणून एकेक शिट्टी देण्याचे आहे. सही दोन्ही पानांवर आपलीच आहे.

७. मुलीला म्हटले, जाऊ नकोस. ती म्हणाली, "मी नाही गेले तर त्या नव्या मुलीला उभं करतील. तिला मोरी कुठाय तेसुद्धा माहीत नाही, बाबा." घरात कोणी ताटली आपटली तरी मी उठून दाराशी जातो. बायको म्हणते, "बसा हो, कोणी नाही." मी बसतो, पण कान तिकडेच असतात.

८. आपल्याकडून उत्तर यायला महिना लागतो, भरतीला लागत नाही. म्हणून आज सकाळी ओहोटीला मी आणि चहावाल्याने दार चौकटीतून काढले. ओरखडा नाही. जुन्या चादरीत गुंडाळून बुरुजावर ठेवले आहे. नोकरी घ्यावी, शिक्षा करावी, चहावाल्याला मात्र हात लावू नये, त्याला मी बोलावले होते. आणि दार परत बसवायचेच असेल, तर उद्या आत दिवा मालवून कोण उभे राहणार ते आधी लिहून द्यावे. ते माणूस आपल्या घरातले असावे.

भ्यालेला, म्हणूनच नम्र,
(सही)
तळकोठडीचा दारवान
दिनांक: मोठ्या भरतीच्या आदल्या दिवशी, दुपारी.

सोबत:
१) तिन्ही अर्जांच्या नकला.
२) परवाच्या पत्राची दोन्ही पाने, शेजारी शेजारी टाचलेली.
३) दाराच्या तीन बिजागऱ्या, खिळ्यांसह. चौथी समुद्रात टाकली आहे, शोधू नये.